बेडूक बसतो ती जागा

इतरांना असतात तसे मलाही पावसाळा, भातकापणी, जत्रा हे हंगाम आहेत. त्यांखेरीज माझा स्वतःचा एक जादा हंगाम आहे, लाजेचा. तो शिमग्याच्या आसपास सुरू होतो, पहिल्या बोंडूंचा वास अंगणात आला की. काजूचा बोंडू, म्हणजे बीच्या वरचं रसाळ फळ, झाडावर असतो तोवर फारच साजूक दिसतो. खाली पडून दोन दिवस झाले की त्याला असा आंबट, गोड, चढेल वास सुटतो की रस्त्याने जाणारा पाहुणाही नाक वर करून विचारतो, कोणाकडे काय गाळतायत. बाकीच्यांच्या तोंडाला त्या वासाने पाणी सुटतं. माझे कान गरम होतात.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी पियानो शिकायला लागलो. यंदाही शिकतो आहे. वय विचारू नका. त्या वर्गात माझ्याहून मोठे दोघेच आहेत, टीचर आणि पियानो.

फिलोमिना टीचर गोव्यातल्या एका शाळेत आयुष्यभर संगीत शिकवून आमच्या जवळच्या आरोंदा गावी आपल्या आईच्या घरी परतल्या, तेव्हा टेम्पोत घालून पियानोही घेऊन आल्या. खाडीकाठची हवा दमट. पियानोच्या पट्ट्या फुगतात, दाबलेली पट्टी वर यायचं नाव घेत नाही. म्हणून त्याच्या पोटात एक छोटा बल्ब कायम पेटता ठेवलेला असतो. फटीतून तो पिवळा उजेड दिसतो. पहिल्या दिवशी मी दारात चपला काढल्या, उजेड पाहिला आणि हात जोडून मोकळा झालो. टीचर ख्रिस्ती, पण त्यांनी तो नमस्कार पियानोच्या वतीने स्वीकारला.

शिकायचं होतं माझ्या बायकोला. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण वर्षभर मी ते एकतर शेवटी सांगत आलो किंवा सांगितलंच नाही.

शालन प्राथमिक शाळेत शिकवते. तिचं बोलणं असं की आधी एक शब्द, मग कौलांकडे पाहणं, मग उरलेलं वाक्य. मधल्या वेळात चहा उकळून उतू जाऊ शकतो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि अठ्ठावीस वर्षं तिची वाक्यं मी पूर्ण करत आलो. भाजी काय आणायची, पाहुणे कधी येणार, तिच्या पोटात कुठे दुखतंय, सगळं मीच. डॉक्टरसुद्धा तिला तपासून माझ्याकडे पाहायचे. मला तो संसाराला लावलेला हातभार वाटायचा. तर एकदा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "माका पियानो शिकाचो आसा," आणि कौलांकडे पाहू लागली. मी ताबडतोब म्हटलं, अगदी बरोबर, दोघंही जाऊ, रविवारी निघू. तिचं वाक्य तिथे संपलं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही.

आता माझा धंदा सांगतो. धंदा म्हणजे हौस. पोटासाठी मी तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. आमच्या गावच्या दशावतारात मी तीस वर्षं पायपेटी वाजवतो. हात पट्ट्यांवर, पाय भात्यावर. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा काय ती आधी तोंडी ठरते, पुढे राजा आणि राक्षस आपापल्या हिमतीवर बोलतात. त्यामुळे पेटीवाल्याचं खरं काम भोकं बुजवण्याचं. राजाला संवाद सुचेनासा झाला, की त्याच्या घशातला आवंढा खाली उतरायच्या आत पेटीचा सूर वर यायला हवा. प्रेक्षकाला गप्प जागा दिसली तर चूक पेटीवाल्याची. या कामात माझं नाव होतं. सांगायला आनंद होतो की माझ्या तीस वर्षांत एकही राजा उघडा पडला नाही.

हा माणूस पियानोवर बसला.

पियानोच्या खाली पाय ठेवायला पितळी पट्ट्या आहेत हे पाहून मला सासुरवाडीला आल्यासारखं वाटलं. मी उजवा पाय टाकला आणि सवयीने हाणायला सुरुवात केली, वर-खाली, वर-खाली. पियानोला हवा लागत नाही, हे मला सांगितलं गेलं होतं. पायाला सांगितलं गेलं नव्हतं. उजवीकडची ती पट्टी पायाने दाबली की वाजलेला सूर विझत नाही, पुढच्यात मिसळतो, त्याच्या पुढच्यात मिसळतो, आणि चार सुरांची पेज होते. टीचरनी माझं पहिलं स्टॅकाटो डोळे मिटून ऐकलं. स्टॅकाटो म्हणजे सुराच्या डोक्यावर टिंब असतं तो. स्पर्श करायचा आणि सोडायचा, तुटक, स्वच्छ. ऐकून त्या म्हणाल्या, "बुवा, ह्या स्टॅकाटो नाय. घरात कोण गेल्यासारख्या वाटता."

शालनला हे टिंब पहिल्याच रविवारी जमलं. काजूच्या दिवसांत आमच्याकडे ओले काजूगर काढायचं काम तिचं असतं. हिरव्या बीच्या सालीत जो चीक असतो तो बोटाला लागला की कातडी भाजते, काळी पडते, मग सोलून निघते. खोबरेल तेल लावून बसली तरी शेवटी सगळी मदार बोटांवरच. बोट सालीला लागायचं, पण टिकायचं नाही. टीचर म्हणाल्या, पट्टीला भाजल्यासारखं बोट उचल. शालनने स्वतःच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि वाजवलं. टक्. टक्. टक्. कौलावरून तीन थेंब पडावेत तसे. मी काजूची उसळ अठ्ठावीस वर्षं खातो आहे, माझी बोटं गुळगुळीत आहेत.

दुसरी गोष्ट कमानीची. चार-पाच सुरांवर पुस्तकात एक कमान काढलेली असते. कमानीखालचे सूर एका श्वासात, एकमेकांचा हात धरून म्हणायचे, आणि कमान संपली की मनगट अलगद वर. वाक्य संपलं, श्वास घ्या, मग पुढचं वाक्य. शालनचं मनगट असं उठायचं की जणू पाण्यातून बगळा उठतोय. मी एका कमानीवरून दुसरीवर उडी मारायचो, मध्ये एक-दोन सूर पदरचे घालून. टीचर विचारायच्या, हे कुठे लिहिलंय. मी म्हणायचो, रिकामं वाटत होतं.

तरी परतताना खाडीकाठच्या रस्त्यावर, गाडी चालवता चालवता, मी मागे बसलेल्या शालनला शिकवत असायचो. ती काय म्हणायची ते वाऱ्यात ऐकू यायचं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी टीचरनी आपल्या ओसरीत शिकणाऱ्यांचा कार्यक्रम ठेवला. शिकणारे सात, बारा वर्षांच्या आतले पाच आणि आम्ही. पालक, शेजारी, चर्चच्या दोन सिस्टर, कोकमाचं सरबत. उकाडा असा की पियानोतला बल्बही विझवून टाकावासा वाटावा. शालनने शाळेच्या पंधरा ऑगस्टला नेसते ती साडी काढली होती. तिने महिनाभर चौदावा धडा घोटला होता. त्या पानावर बेडकाचं चित्र आहे. बेडूक टुणटुण उड्या मारत येतो, सगळी टिंबं, मग एक छोटी कमान, मग पुन्हा टिंबं.

ती बसली. हात मांडीवर ठेवले, थोडा वेळ तसेच ठेवले, आणि वाजवायला लागली. मी खोटं कशाला बोलू, सुंदर वाजवत होती. एकेक सूर वेगळा, कोरडा, ताजा. पुढच्या रांगेतल्या मुली मान डोलवायला लागल्या. कमान आली, मनगट उठलं.

आणि ती थांबली.

हात हवेत. ओसरी चिडीचूप. राजाचं वाक्य अडकलं की तीस वर्षं माझं जे होतं तेच झालं. मी विचार केलाच नाही. भरल्या ओसरीत, तिसऱ्या रांगेतून, खणखणीत आवाजात पुढचे सूर गाऊन दिले. सा, सा, रे, ग. वर हातानेही दाखवले, की हं, इथून.

आधी मुली हसल्या, मग पालक, मग सिस्टरसुद्धा. शालनचे हात हवेतून खाली आले ते पट्ट्यांवर न येता मांडीवर आले. ती उठली, लोकांना नमस्कार केला, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. मी तिच्या हातावर थोपटून हळूच म्हटलं, होतं असं, हरकत नाही. हे वाक्य आठवलं की आजही मला उठून अंगणात जावं लागतं.

सगळे गेल्यावर टीचरनी मला पियानोजवळ बोलावलं आणि चौदावा धडा उघडला. कमानीनंतर एका रेघेला खालून लटकलेला एक छोटा काळा ठोकळा होता. मला तो शाईचा डाग वाटत आला होता. "शालनबाय इसारली नाय," त्या म्हणाल्या. "हंयसर गप रवाचा आसा. चार मात्रा. ता लिवलेला आसा." बेडूक उड्या मारून दमतो, दगडावर बसतो, चार मात्रा नुसता बसतो, आणि मग पुढे जातो. अख्ख्या धड्यात अवघड जागा तेवढीच, असंही त्या म्हणाल्या. मुलं तिथे धीर धरत नाहीत. शालनबाईने धरला होता.

शालन तेव्हा बाहेर माडापाशी उभी होती. मी बाहेर जाऊन काय बोललो असेन? उकाड्याबद्दल बोललो.

इथपर्यंतचं माफ होण्यासारखं आहे. अडाण्याची चूक, जुनी सवय, बिचारा पेटीवाला. माझी लाज इथपर्यंतची नाहीच. तिचं मूळ पुढच्या गुरुवारात आहे.

गुरुवारी नाक्यावरच्या हॉटेलात आमचा शेजारी बापू याने विचारलं, काय बुवा, कार्यक्रम कसा झाला. भजी यायची होती, पाच-सहाजण बसले होते. मी उभा राहिलो. बाकड्याचा पियानो केला, रुमालाचा पदर केला, आणि शालन झालो. ती कशी ऐटीत बसली, टुणटुण कशी वाजवायला लागली, आणि कशी विसरली. हो, विसरली. डोळे कसे गरगर फिरले, तोंड कसं उघडं राहिलं, आणि मग तिसऱ्या रांगेतून तिचा तारणहार कसा धावून आला. लोक हसून हसून बाकड्यावर आडवे झाले. बापूच्या नाकातून चहा आला. चार मात्रांचा तो काळा ठोकळा मला त्या वेळी स्पष्ट दिसत होता. पण खरी गोष्ट सांगितली असती तर हसू माझं झालं असतं, आणि भजी गरम होती.

त्यानंतर वर्षभर मला कुठेही बोलावलं की लोक बेडकाची गोष्ट मागायचे. लग्नात सांगितली, चतुर्थीला सांगितली, दशावताराच्या रंगपटात तोंडाला रंग लावत असलेल्या राक्षसाला सांगितली. प्रत्येक वेळी थोडं वाढवलं. एकदा तिला घाम फुटवला. एकदा साडीचा काठ स्टुलाच्या पायात अडकवला. घरी सांगायचो तेव्हा ती चहाचे कप घेऊन आत-बाहेर करत असायची. कधी म्हणाली नाही की असं झालं नाही. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती कप ठेवून एक क्षण उभी राहिली होती, तोंड उघडून, कौलांकडे पाहत. मी पुढचं वाक्य घेतलं.

ती पुन्हा आरोंद्याला आली नाही. शाळेचं काम आहे, म्हणाली. मी मात्र दर रविवारी एकटा जात राहिलो, तिच्या आवडीच्या शिकवणीला.

यंदा बोंडू पडायला लागले आणि माझा चौदावा धडा आला. टीचरनी आधी माझ्या पायाचा बंदोबस्त केला. एक सोललेला नारळ आणून माझ्या उजव्या पायाखाली ठेवला आणि बजावलं, पाय हलला की नारळ घरंगळेल, मला ऐकू येईल. तीन रविवार तो नारळ ओसरीभर फिरला. एकदा थेट पायऱ्या उतरून माडाखाली गेला, आपल्या आईला भेटायला. चौथ्या रविवारी तो जागचा हलला नाही, आणि मी माझं पहिलं खरं स्टॅकाटो ऐकलं. टक्. भोवती काहीच नव्हतं. पेज नाही, चिखल नाही, नुसता एक सूर आणि त्याच्या भोवतीची मोकळी जागा. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. मग टीचरनी बोटाने टक्-नंतरची ती जागा दाखवली, आणि ती सुराइतकीच मोजून वाजवायला सांगितली.

कमानीही हळूहळू येऊ लागल्या. आता कमान संपली की मी मनगट उचलतो आणि मनात "हं" म्हणतो, समोरच्याचं ऐकून घेताना म्हणतात तसा. असा "हं" मी आयुष्यात फार थोड्यांना म्हटला आहे.

बेडूक बसतो ती जागा मात्र मला धरता येईना. दोन मात्रा झाल्या की हात खाली यायचे. चार मात्रा म्हणजे किती असतात, हे तिथे हात हवेत धरून बसल्याशिवाय कळत नाही. सगळी ओसरी बघत असताना त्या किती होत असतील? टीचर सहज म्हणाल्या, शालनबाई बसायची तसं बसा. मी विचारलं, ती कशी बसायची. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तर शेजारी असायचात, म्हणाल्या.

काल दुपारी अंगणात काजूची रास पडली होती. शालनची धाकटी बहीण सुमन नांदगावहून आली होती, बापूही बोलायला म्हणून येऊन बसला होता, आणि आम्ही चौघं बोंडूंतून बिया पिळून काढत होतो. बी धरायची, एक पीळ द्यायचा, बी घमेल्यात, बोंडू टोपलीत. हाताला रस, माश्या, तो वास. सुमन म्हणाली, भावोजी, ताईची बेडकाची म्हणे काय गोष्ट आहे, सगळ्यांनी ऐकली, मीच राहिले. बापूने लगेच बोंडू खाली ठेवला, हात पुसले, आणि प्रेक्षक झाला.

मी उभा राहिलो नाही. बसूनच सांगायला लागलो, आणि मला कळलं की मी खरी गोष्ट सांगतो आहे. ती महिनाभर कशी घोटत होती, एकेक सूर कसा स्वच्छ होता. पुस्तकात गप्प राहा असं लिहिलं होतं म्हणून ती गप्प राहिली, हे सांगितलं. मी गाढवासारखा ओरडलो, हे सांगितलं. त्याच दिवशी मला कळलं होतं आणि तरी मी वर्षभर उलटं सांगत आलो, हेही सांगितलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. कुठे थांबायचं, कुठे चढवायचं, काही जमत नव्हतं. शालनचे हात चालूच होते. पीळ, बी, पीळ, बी.

कोणी हसलं नाही. सुमनने विचारलं, "म्हणजे ताई इसारली नव्हती?"

"इसारलीच होती गो," बापू मायेने म्हणाला. "बुवा आता सांभाळून घेतत. घोवान असाच करूक व्हया." आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "पण बुवा, पयली गोष्ट बरी होती. हिच्यात हसाक काय नाय."

सुमनही माझ्याकडे कौतुकाने पाहू लागली. बायकोची चूक स्वतःवर घेणारा नवरा. माझ्या गोष्टीला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद, आणि मी बापूला परत परत सांगायला लागलो, की नाही रे, खरंच, लिहिलेलं होतं, मी दाखवतो तुला, पुस्तक दाखवतो. जितकं सांगावं तितका तो मान डोलवत होता. वर्षभर इतक्या ठिकाणी, इतकं रंगवून, इतक्या चांगल्या तऱ्हेने मी ते खोटं वाजवलं होतं की आता ते माझ्याने विझत नव्हतं. तालुकाभर ती विसरलेलीच राहणार आणि मी दिलदार.

तेव्हा शालनने हातातली बी घमेल्यात टाकली.

"आयतवारी," ती म्हणाली, आणि थांबली.

तिने वर कौलांकडे पाहिलं. मला पुढचं वाक्य माहीत होतं. आयतवारी मी पण येतंय, किंवा आयतवारी सुमनला पुस्तक दाखवा, किंवा आयतवारी आता हा विषय नको. तिन्ही तयार होती, जिभेवर होती. मी दात दाबून धरले. एक माशी माझ्या मनगटावर बसली, रस चाखून उडाली, परत बसली. बापू तिच्याकडे पाहून माझ्याकडे पाहायला लागला. मी हललो नाही. किती मात्रा झाल्या कोण जाणे, चारांहून पुष्कळ जास्त.

"आयतवारी तुमी घराक रवा," शालन म्हणाली. "टीचरकडे मी एकटी जातलंय."

मग तिने पुढचा बोंडू उचलला. बापू अजून माझ्याच तोंडाकडे बघत होता, मी यावर काहीतरी बोलेन म्हणून.